आधी अभ्यासगट, मग क्षेत्रसभा

पुणे महानगरपालिकेच्या नवनिर्वाचित नगरसेविका आणि नगरसेवकांस,



मार्च 2022 पासून जानेवारी 2026 पर्यंत या शहराला सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. त्या काळात चेंबरचं झाकण फुटलं की कुणाला सांगायचं हा रोजचा प्रश्न होता. आता सांगायला माणसं आहेत, आणि एका प्रभागात एक सोडून चार आहेत. एवढी चंगळ झाल्यावर तक्रार करू नये. पण 'अ' गटातून निवडून आलेल्यांकडे गेलं की ते 'क' गटाकडे पाठवतात आणि 'क' गटवाले म्हणतात, ते काम साहेबांच्या 'स' यादीत, म्हणजे नगरसेवकाच्या स्वतःच्या निधीतल्या कामांच्या यादीत आहे, थांबा. 2011 च्या जनगणनेचा आकडा धरला तरी चार सदस्यांच्या एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांच्या वर माणसं येतात. एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षा मोठी वस्ती. एवढ्या लोकांना आपल्या प्रभागाबद्दल एकत्र बसून बोलायला जागा कुठे आहे? गणपती मंडळात आहे, सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगपुरती आहे. प्रभागाबद्दल म्हणाल तर कुठेच नाही.

खेड्यात आहे. घटनेच्या 73 व्या दुरुस्तीनं पाचशे वस्तीच्या गावालाही ग्रामसभा दिली, आणि त्या सभेत प्रत्येक मतदार आपोआप सभासद असतो. त्याच सुमारास आलेल्या 74 व्या दुरुस्तीनं शहरांना मात्र प्रभाग समित्यांवर भागवलं. त्या समित्यांत तुम्ही बसता, आम्ही नाही. स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी म्हणून समितीवर नेमायच्या ज्या जागा आहेत, तिथे पक्षातल्या कुणाची सोय लागते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ही उणीव भरून काढायला 2009 मध्ये राज्याच्या महानगरपालिका कायद्यात दुरुस्ती होऊन 'क्षेत्रसभा' आली. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, त्यातले सगळे मतदार सभासद, आणि सभा बोलवायची जबाबदारी नगरसेवकाची. केंद्राचा नागरी निधी हवा होता, त्याच्या अटींत हा कायदा होता, म्हणून तो झाला. निधी आला, रस्ते झाले, उड्डाणपूल झाले. क्षेत्रसभा कागदावर राहिली.

तर पहिली विनंती उघड आहे: क्षेत्रसभा बोलवा. पण पत्र तेवढ्यासाठी लिहिलेलं नाही. नुसती सभा बोलावलीत तर काय होईल, हे मी तुम्हाला आत्ताच सांगू शकतो. पहिल्या रांगेत ज्येष्ठ नागरिक संघाचे पदाधिकारी. माइक हातात आला की एकेक जण आपापल्या गल्लीतला कचरा, आपापल्या गेटसमोरची रिक्षा आणि 'टॅक्स आम्ही भरतो' हे वाक्य. कनिष्ठ अभियंता वहीत लिहून घेतो. तुम्ही शेवटी उठून 'सगळ्या सूचनांची नोंद घेतली आहे' म्हणता. चहा. पुढच्या सभेला निम्मी माणसं. तिसरी होत नाही. मग तुम्ही म्हणणार, लोकांनाच सहभाग नको आहे. आणि आम्ही म्हणणार, नगरसेवकांनाच नको आहे. दोघांचंही म्हणणं अर्धं खरं.

तक्रार करायला अभ्यास लागत नाही. ठरवायला लागतो. आणि गेल्या कित्येक वर्षांत आम्हाला कुणी ठरवायला सांगितलेलंच नाही, त्यामुळे आमचा तो सराव राहिलेला नाही. हे मी आमची बाजू सावरायला म्हणत नाही. दहावीपर्यंत नागरिकशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या आमच्यातल्या बहुतेकांना आपला मिळकतकर कशावर खर्च होतो हे सांगता येणार नाही. बारा हजार कोटींच्या पुढे गेलेल्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागाला काय आलं, हे तर दूरच.

नागरिकांकडून कामं मागवायची सोय पुण्यात आहे, नाही असं नाही. 2006 पासून महापालिका सहभागी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून सूचना मागवते. देशात फार थोड्या शहरांनी हे केलं, त्याचा मला अभिमान आहे. एक फॉर्म, एक काम, साधारण पाच लाखांपर्यंतचं. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. पण तो भरायचा एकट्यानं. शेजारच्या वस्तीतल्या बाईनं काय मागितलं, ते मला कळत नाही; मी मागितलेला बाक तिच्या नळापेक्षा महत्त्वाचा आहे का, असं मला कुणी विचारत नाही. म्हणून मग बाक, फलक, गतिरोधक, पेव्हिंग ब्लॉक. त्यातले काही फॉर्म कुणाच्या कार्यालयात बसून कुणाच्या हस्ताक्षरात भरले जातात, या विषयात आज शिरत नाही.

आमच्या भागातल्या काही जणांनी एकदा हे वेगळ्या प्रकारे करून पाहिलं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई, एक रिक्षावाला, दोन-तीन कॉलेजची मुलं आणि मी. फॉर्ममध्ये टाकायला सगळ्यांच्या डोक्यात एकच काम होतं: उखडलेला फुटपाथ. काका म्हणाले, मागायच्या आधी या फुटपाथचा इतिहास काढू. तेव्हा पुण्यात सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात महापालिकेच्या कार्यालयात जाऊन फाइली पाहता येत. आधी ही पद्धत इथे सुरू झाली, पुढे 2018 मध्ये राज्य सरकारनं इतर कार्यालयांसाठीही तसा आदेश काढला. आम्ही गेलो. पहिल्या सोमवारी संबंधित साहेब साइटवर होते. दुसऱ्या सोमवारी फाइल सापडत नव्हती. तिसऱ्या खेपेला फाइल टेबलावर आली आणि आमची पंचाईत झाली, कारण ती वाचता येईना. एस्टिमेट, डीएसआर, एमबी. कुठल्या आकड्याला काय म्हणायचं? शेवटी तिथल्याच एका तरुण अभियंत्यानं, बहुधा आमची दया येऊन, पान उलगडून दाखवलं: हा जिल्हा दरसूचीतला दर, ही मोजमाप पुस्तिका, इथे लांबी, रुंदी, ब्लॉकची जाडी.

एस्टिमेटमध्ये ब्लॉक 80 मिलिमीटरचे होते. मुलांनी घरी येताना उखडलेला एक ब्लॉक उचलला आणि मोजपट्टी लावली. 60. पण त्याहून मोठी गोष्ट ताईंच्या लक्षात आली. फाइलच्या शेवटी कामाचा दोषदायित्व कालावधी लिहिला होता आणि तो संपलेला नव्हता. म्हणजे हा फुटपाथ ठेकेदारानं फुकट दुरुस्त करून द्यायचा होता. आम्ही त्याच कामासाठी पुन्हा पाच लाख मागायला निघालो होतो! अर्ज बदलला. ठेकेदाराला नोटीस गेली, थोडी रखडपट्टी झाली, ब्लॉक बदलले. आणि फॉर्ममध्ये आम्ही काय टाकायचं, हा प्रश्न पुन्हा उघडा झाला. त्यावर मात्र भांडण झालं. आम्हा सोसायटीवाल्यांना जॉगिंग ट्रॅकवर दिवे हवे होते. ताई राहतात त्या वस्तीत सार्वजनिक स्वच्छतागृहात रात्री नऊनंतर पाणी नसायचं आणि दिवाही नसायचा. त्या म्हणाल्या, तुम्ही अंधारात पळू नका, सकाळी पळा. आम्हाला ते पुढे ढकलता येत नाही. यावर कुणाला काही बोलता आलं नाही. टाकी आणि दिवे फॉर्ममध्ये गेले.

एवढंसं काम. पण त्या गटातला प्रत्येक जण आता एस्टिमेट वाचू शकतो, आणि रिक्षावाले दादा तर प्रवाशांना दोषदायित्व कालावधी समजावून सांगतात. शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं. एकट्यादुकट्याला ते जमलंही नसतं: आकडे काकांनी पाहिले, अट ताईंनी वाचली, ब्लॉक मुलांनी मोजला.

यात नवीन असं काही नाही. या शहराचा हा जुना धडा आहे. 2 एप्रिल 1870 रोजी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी सार्वजनिक सभा स्थापली. सुरुवात कशावरून? पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दलच्या नाराजीवरून. अगदी स्थानिक गाऱ्हाणं. पण सभासद व्हायचं तर किमान पन्नास जणांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. मी बोलतो आहे तो कुणाच्या वतीनं, हे आधी सिद्ध करायचं आणि मग बोलायचं. पुढे 1876-77 च्या दुष्काळात याच सभेची माणसं गावोगाव हिंडली, पिकापाण्याची आणि उपासमारीची माहिती जमवली आणि ती सरकारपुढे ठेवली. न्यायमूर्ती रानड्यांचा आग्रह होता तो या अभ्यासाचा. मताधिकार नव्हता, निधी नव्हता. हातात होती ती गोळा केलेली माहिती. अर्थात तिचे सभासद बहुतेक वतनदार, सावकार, व्यापारी, पांढरपेशे होते. त्या सभेत कुणाला जागा नव्हती, हे विसरून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

ज्यांना जागा नव्हती त्यांनी पुढे स्वतःची संघटना उभी केली, तीही याच शहरात. 1993 मध्ये बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत सुरू झाली. कचराकुंडीतून भंगार वेचणाऱ्या बाया, बहुतेक दलित समाजातल्या. शहराच्या लेखी त्या नव्हत्याच. दिसल्या तर चोर म्हणून. एकत्र आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मागितलं ते ओळखपत्र. आणि मागताना नुसती दया मागितली नाही. आपण रोज किती माल वेचतो, त्यामुळे महापालिकेचा कचरा उचलण्याचा आणि वाहून नेण्याचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब मांडला. ओळखपत्रं मिळाली. पुढे 2008 च्या सुमारास त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला आणि दारोदार कचरा गोळा करण्याचं काम रीतसर त्यांच्याकडे आलं. आज तुमच्या दारात सकाळी जी ताई ढकलगाडी घेऊन येते, ती सामूहिक वाटाघाटी करून आलेली आहे. या शहरात प्रभावी नागरिक कोण, असं मला कुणी विचारलं तर मी सभेत इंग्रजीतून निवेदन वाचणाऱ्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या आधी तिचं नाव घेईन.

आता मुद्द्याचं. 'अभ्यासगट' हा शब्द मी गडचिरोलीतून उचलला आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव, वस्ती पाचशेच्या आसपास. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल; भाषणात वापरलीही असेल. घोषणेमागची रीत फारशी कुणी सांगत नाही. तिथे निर्णय ग्रामसभा घेते, बहुमतानं नव्हे तर सर्वसहमतीनं. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. आणि निर्णयाच्या आधी, ग्रामसभेपासून वेगळा, अभ्यासगट बसतो. त्यात विषय फोडून पाहायचा, कायदा वाचायचा, जाणकाराला बोलवायचं, शंका काढायच्या. तिथे बाहेरचा माणूस चालतो, अधिकारी चालतो. पण अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नाही, आणि ग्रामसभेत बाहेरच्याला मत नाही. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावाबरोबर वर्षानुवर्षं हे चालवलं. शिकणं आणि ठरवणं यांची खोली वेगळी ठेवली, की जाणकाराची दादागिरी होत नाही आणि अडाणीपणाचं कौतुकही होत नाही.

याचं फळ काय, तेही ठोस आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनउपज ठरलं, पण वनखातं जुन्या कायद्यावर बोट ठेवून ते मानायला तयार नव्हतं. मेंढ्यानं कायदा वाचला होता. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क त्यांना मिळाला. मेंढा आणि शेजारचं मर्दा ही हा हक्क मिळवणारी देशातली पहिली गावं. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागे, तो खात्याच्या हातात. गाव मागे हटलं नाही. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मंत्री आपल्याकडे उद्घाटनाला येतात. तिथे ते गावानं वाचलेल्या कायद्याची अंमलबजावणी करायला आले.

शहरात हे जसंच्या तसं चालणार नाही, याची मला जाणीव आहे. मेंढ्यात सगळे एकमेकांना ओळखतात. आमच्याकडे समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते कुरिअरवाल्याला विचारावं लागतं. सर्वसहमतीचा हट्ट इथे धरला तर एक गतिरोधक ठरायला पुढची निवडणूक येईल. पण अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवण्याची रीत आणता येते. त्यात एक फायदाही आहे. क्षेत्रसभेचा सभासद व्हायला मतदार यादीत नाव लागतं. प्रभागात भाड्यानं राहणारी लातूर-नांदेडची मुलं, बांधकामावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या पण नाव गावाकडे असलेल्या बाया, यांचं नाव त्या यादीत नसतं. अभ्यासगटाला यादी नाही. जो येईल तो बसेल.

केरळनं 1996 मध्ये लोकनियोजनाची मोहीम काढली तेव्हा राज्याच्या योजना निधीपैकी 35 ते 40 टक्के स्थानिक संस्थांकडे सोपवायचं ठरवलं, आणि ग्रामसभेत आलेल्या लोकांना विषयवार छोट्या गटांत बसवलं. प्रत्येक गटात चर्चा पुढे नेणारी प्रशिक्षित माणसं होती. पैसा आणि गट, दोन्ही एकदम. नुसते गट असते तर चर्चासत्र झालं असतं, नुसता पैसा असता तर ठेकेदारी.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे ते असं. पहिली क्षेत्रसभा बोलवायच्या आधी दोन महिने प्रत्येक क्षेत्रात एक अभ्यासगट बसू द्या. जागा महापालिकेच्या शाळेत द्या, वर्ग संध्याकाळी रिकामेच असतात. वेळ रविवारी दुपारची किंवा रात्री आठनंतरची ठेवा. सकाळी अकराला सभा लावली की पेन्शनवाले आणि पक्षाचे कार्यकर्तेच येतात, आणि तुम्हाला ते ठाऊक असतं. गटाला तीन कागद द्या: गेल्या तीन वर्षांत त्या क्षेत्रात झालेल्या कामांची यादी, त्यातली कुठली कामं अजून दोषदायित्व कालावधीत आहेत ते, आणि यंदा हातात किती रक्कम आहे तो आकडा. मराठीत, आणि कनिष्ठ अभियंत्याला समजावून सांगायला एक संध्याकाळ बसवून. मग तुमच्या 'स' यादीतला एक हिस्सा, कितीही छोटा असो, क्षेत्रसभेच्या ठरावावर सोडा. बाकी यादीत बाकडी आणि कापडी पिशव्या खुशाल ठेवा, 'यांच्या संकल्पनेतून' असे फलकही लावा. पण एवढा भाग आमच्या संकल्पनेतून होऊ द्या.

तुमच्यातल्या निम्म्याहून अधिक नगरसेविका आहेत. सभेत अध्यक्षस्थानी तुम्हीच बसा, शेजारच्या खुर्चीवरून यजमानांनी उत्तरं देऊ नयेत, हेही इथेच लिहून टाकतो. कुणी बोलत नाही म्हणून हे मनातच राहतं.

तुमची भीतीही मला कळते. लोकांना एस्टिमेट वाचता यायला लागलं की पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील. विचारतील, हे खरं. पण उलटही बघा. 1876 ते 1882 या काळात जोतीराव फुले या शहराच्या नगरपालिकेचे सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते, त्यांच्या स्वागताच्या शोभेवर हजार रुपये खर्चायचं घाटत होतं. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा म्हणून विरोध करणारे ते एकटे होते. एकट्याचा विरोध इतिहासात राहिला; पैसा मात्र शोभेवरच गेला. मुख्य सभेत तुम्हीही कधी तरी एकटे पडाल. पक्षाचा आदेश एकीकडे आणि प्रभागाचं हित दुसरीकडे असेल. त्या वेळी हातात क्षेत्रसभेचा, अभ्यास करून, आकड्यांनिशी झालेला ठराव असेल तर तुमच्या मागे नुसती मतं नसतील, कारणं असतील.

आमच्याकडून काय मिळेल? सगळे येणार नाहीत. ऐंशी हजारांतले ऐंशी आले तरी मला पुरेसे वाटतात. त्यातले पाच-सात जण कटकटे निघतील, दोघे पुढच्या निवडणुकीचं तिकीट डोळ्यासमोर ठेवून येतील. चालायचंच. उरलेले शिकतील, आणि शिकलेला माणूस दुसऱ्या गटाला शिकवतो, हे आम्ही फुटपाथवर पाहिलं आहे.

मतदार यादी तुमच्याकडे केंद्रनिहाय तयार आहे; प्रचारात घरोघर चिठ्ठ्या त्याच यादीवरून वाटल्या होत्या. अभ्यासगटाचं आमंत्रणही त्याच यादीवरून, त्याच कार्यकर्त्यांच्या हातून पाठवा, आणि यादीत नाव नसलेल्या घरांतही एकेक चिठ्ठी टाका. पावसाळ्याच्या आधी पहिली बैठक लागली तर यंदाच्या सहभागी अंदाजपत्रकाचे फॉर्म आम्ही एकत्र बसून भरू शकू.

कळावे,
आपला,
आपल्याच प्रभागातला एक मतदार